कार्टून मालिकेचा लेखक पुढे निर्माता कसा होतो?

रेघोट्या (गोरेगाव)

करिअर विभागातल्या एका चर्चेत परवा कुणीतरी विचारलं होतं, की कार्टून मालिकांना वेगळा लेखक लागतो का, आणि लागत असेल तर त्या माणसाचं पुढे काय होतं. तिथे दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे. मी मुंबईत टीव्हीच्या अ‍ॅनिमेशन मालिकांसाठी लिहिते. सुरुवातीला सुटे भाग लिहायचे, मग इतरांच्या पटकथा तपासायला लागले, सध्या एका मालिकेची क्रिएटिव्ह प्रोड्युसर आहे. मालिकेचं नाव देत नाही, करारात तसं कलम आहे.

आमच्या क्षेत्रात लिहिणं आणि निर्मिती यांच्यात भिंत नाही, कारण कागदावरच्या प्रत्येक शब्दाला खर्च लागतो. एका नव्या लेखकाच्या पटकथेत ही ओळ आली होती: "गंप्याची बकरी मंडईत घुसते. सगळे लोक सैरावैरा पळतात." नेहमीच्या शूटिंगमध्ये यात काही अडचण नाही, ज्युनिअर आर्टिस्ट बोलावले की झालं. अ‍ॅनिमेशनमध्ये त्या गर्दीतला प्रत्येक माणूस आधी कुणीतरी डिझाइन करायचा. थ्रीडी मालिका असेल तर त्याचं मॉडेल, टेक्श्चर (पृष्ठभागाचा रंग-पोत), रिगिंग (हलवण्यासाठी आतला सांगाडा) करायचं, आणि तो पळताना दिसायचा चार सेकंद. आम्ही तो प्रसंग असा केला: कॅमेरा रस्त्याला टेकलेला. बकरीचे पाय टपटप पुढे जातात. मागे एकेक करत दुकानांची शटर खाली पडतात. एक टोमॅटो गडगडत येतो. बकरी थांबते, हुंगते, खाते. आरडाओरडा नुसता ऐकू येतो, माणूस एकही दिसत नाही.

खर्च वाचलाच, शिवाय प्रसंग आधीपेक्षा जास्त गमतीदार झाला. असं सुचायला लागलं की त्या लेखकाला स्टुडिओत स्टोरीबोर्डच्या, म्हणजे पटकथा चित्रांच्या चौकटींत मांडायच्या, बैठकीला बोलावतात, मग डिझाइनच्या बैठकीला, मग बजेटच्या. निर्मितीकडे जायचा रस्ता हाच.

तिकडे अमेरिकेतही हेच घडलं. हॅना आणि बार्बेरा ही जोडी एमजीएम या चित्रपट कंपनीत टॉम अँड जेरी करत असे. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला आणि दोघं स्वतःची कंपनी काढून टीव्हीकडे वळले. टीव्हीचं बजेट थिएटरच्या मानाने फारच तुटपुंजं. मग चित्रं कमी केली: धड स्थिर, हलणार फक्त तोंड, डोळे, हात. योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे तो यासाठीच, धड तसंच ठेवून नुसतं डोकं नव्याने काढता यावं म्हणून. चित्र हलायचं कमी झाल्यावर भाग ओढून न्यायची जबाबदारी कथेवर आणि संवादांवर आली. टीव्ही अ‍ॅनिमेशनमध्ये लेखकाचं वजन वाढलं ते इथून.

हॅना-बार्बेरांच्या त्याच कंपनीत जो रुबी आणि केन स्पीअर्स होते. दोघंही संकलन विभागातून लेखनात आलेले. त्या सुमारास शनिवार सकाळच्या कार्टूनमधल्या हाणामारीविरुद्ध अमेरिकेत पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या आणि वाहिन्यांना मारामारी नसलेलं काहीतरी हवं होतं. या दोघांनी रहस्यं सोडवणाऱ्या मुलांची गोष्ट रचली. सीबीएस वाहिनीच्या वरिष्ठांना ती मुलांसाठी फार भीतिदायक वाटली. मग मागे उभा असलेला घाबरट कुत्रा पुढे आणला, विनोद वाढवला, आणि १३ सप्टेंबर १९६९ ला स्कूबी-डूचा पहिला भाग लागला. त्याची रचना निर्मितीच्या नजरेने बघा. चार मुलं, कुत्रा आणि गाडी कायमची. दर भागात नवं काय, तर एक वाडा, एक भूत आणि दोन-तीन संशयित. बाकी सगळं पुन्हा वापरता येतं. १९७७ मध्ये दोघांनी स्वतःची रुबी-स्पीअर्स प्रॉडक्शन्स काढली. थंडार द बार्बेरियन (१९८०) आणि ऑल्विन अँड द चिपमंक्स (१९८३) त्यांच्या. जॅक कर्बीसारखा कॉमिक्समधला मोठा चित्रकार त्यांच्याकडे डिझाइन करत असे. दोघंही २०२० मध्ये वारले. लेखकाने निर्माता होणं म्हणजे काय, हे मला त्यांच्या कामावरून सगळ्यात स्पष्ट कळतं.

विचारा, जमेल तसं उत्तर देते.

अनुराधा_के

वाचतेय. योगीच्या टायचं माहीतच नव्हतं!

मृण्मयी_ठाणे

रेघोट्याताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझी लेक बारावीला आहे. चित्रं बरी काढते, पण गोष्टी त्याहून छान लिहिते. घरात सगळे म्हणतात अ‍ॅनिमेशनचा कोर्स कर. ते कोर्सवाले मात्र पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरचं बोलतात. लिहिणाऱ्या मुलीने कुठे जायचं?

आवाजवाला

मी डबिंगमधला, अंधेरी-ओशिवऱ्यातच दिवस जातो. लेखनात यायचा आणखी एक रस्ता आमच्याकडून आहे, तो सांगतो. परदेशी मालिकेचं हिंदी किंवा मराठी रूपांतर करायचं म्हणजे समोरच्या पात्राचं तोंड जितका वेळ हलतं तितक्याच वेळात वाक्य बसवायचं. ओठ मिटतात तिथे प-फ-ब-भ-म आला पाहिजे, आणि तरीही वाक्य बोलीभाषेतलं वाटलं पाहिजे. वर्षभर हे काम केलेल्या माणसाचे संवाद आपोआप घट्ट होतात.

मी शाळेत होतो तेव्हा १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी द जंगल बुक लागायचं. मालिका जपानी, पण शीर्षकगीत गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. ती परकी आहे असं एकाही पोराला वाटलं नाही. ही रूपांतर लिहिणाऱ्यांची आणि आवाज देणाऱ्यांची करामत. पुढे मोटू पतलूमध्ये तर मोटू, पतलू आणि आजूबाजूची कितीतरी पात्रं एकट्या सौरव चक्रवर्तींच्या आवाजात आहेत. पात्राचा आवाज एकदा पक्का झाला की लेखक त्या आवाजासाठी लिहायला लागतात, हे मी स्टुडिओत बघितलंय.

जुना_पेडररोडकर

इथे १९६९ च्या अमेरिकेपर्यंत जाऊन आलात, तर आपल्या मुंबईचंही सांगतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' केली, काड्यापेटीतल्या काड्या एकेक चित्र घेत हलवून. पेडर रोडवर सरकारी फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून युनिट उभं राहिलं ते १९५० च्या दशकात. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले होते. त्या पिढीतले राम मोहन पुढे भारतीय अ‍ॅनिमेशनचे आधारवड झाले. 'शतरंज के खिलाडी'च्या सुरुवातीचं अ‍ॅनिमेशन त्यांचं. युनिसेफच्या, मीना नावाच्या लहान मुलीवरच्या मालिकेची घडणही त्यांच्याच हातची. २०१९ मध्ये ते गेले.

मीनाचा मुद्दा मुद्दाम काढतोय, कारण विषय लेखनाचा आहे. ती मालिका भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ अशा देशांत चालायला हवी होती. म्हणून नाव, कपडे, घर, शेजार या सगळ्याबद्दल गावोगावच्या मुलांना आणि पालकांना आधी विचारून घेतलं. मीना शाळेत जाणार का, कोंबड्या कोण मोजणार, भावाला जास्त आणि तिला कमी खायला का, असे घरगुती प्रश्न घेऊन त्या गोष्टी लिहिल्या गेल्या. लेखन आणि निर्मिती एकत्र बसल्याशिवाय असं काम होत नाही.

आणि 'एक अनेक और एकता' (१९७४) कुणाला आठवत नाही? विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसेन यांचं अ‍ॅनिमेशन. एवढ्याशा लांबीत केवढी गोष्ट! तुमच्या पिढीने या लोकांची नावं तोंडपाठ ठेवली पाहिजेत.

रेघोट्या

काका, अगदी मनातलं लिहिलंत. मीनाची उदाहरणं मी नव्या लेखकांना नेहमी देते.

@मृण्मयी_ठाणे ताई, लेकीला सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर खुशाल शिकू दे, पण लेखनासाठी ती अट नाही. आमचं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे तिला अंदाज येईल.

सगळ्यात आधी प्रिमाइस. पाच-सहा ओळींत भागाची कल्पना. वाहिनीकडे दहा पाठवल्या तर दोन-तीन मंजूर होतात. मग आउटलाइन, त्यात प्रसंग क्रमाने येतात. मग पटकथा-संवाद. त्यानंतर स्टोरीबोर्ड आणि अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं कच्च्या आवाजासह वेळेत लावून बघायची. खरी परीक्षा तिथे होते. साधारण ११ मिनिटांचा एक भाग असतो, अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये असे दोन. कागदावर बरोबर वाटलेली पटकथा अ‍ॅनिमॅटिकमध्ये १३ मिनिटांची निघते आणि दोन मिनिटं आत्ताच काढावी लागतात, कारण एकदा अ‍ॅनिमेशन सुरू झालं की कापलेला प्रत्येक सेकंद म्हणजे कुणाचे तरी वाया गेलेले दिवस. दोन मिनिटं कुठली काढायची हे ज्याला पटकन आणि बरोबर सांगता येतं, तो पुढे स्टोरी एडिटर होतो. स्टोरी एडिटर पाच-सहा लेखकांच्या भागांना एकाच घरातलं वाटायला लावतो. तिथून क्रिएटिव्ह प्रोड्युसर. मग डिझाइन, आवाज, संगीत, वाहिनीच्या सूचना, सगळं कथेच्या बाजूने तोच बघतो.

शिक्षणाचं म्हणाल तर आयआयटी मुंबईचं आयडीसी आणि अहमदाबादचं एनआयडी या डिझाइनच्या संस्थांत अ‍ॅनिमेशन शिकताना गोष्ट सांगण्यावर खरोखर भर असतो. पण माझ्याबरोबर लिहिणारे लोक मराठी एकांकिका, जाहिरात, बालनाट्य, रेडिओ अशा कुठूनही आलेले आहेत. बालनाट्यवाले विशेष चांगले लिहितात. पोरं कंटाळली की खुर्च्या वाजवतात, हे त्यांनी अनुभवलेलं असतं.

विक्रोळीचा_बाबा

माझी तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. घरी दोन मुलं, चार आणि आठ वर्षांची. तीच तीच आपटाआपटी, तोच खाऊ खाल्ल्यावर येणारा जोर, तोच मूर्ख चोर. इतके हुशार लोक लिहितात म्हणता, मग पडद्यावर हे का येतं? मुलांना काहीही चालतं असं गृहीत धरलंय का?

रेघोट्या

दादा, तक्रार रास्त आहे आणि ती गंभीरपणे घ्यायलाच हवी.

कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये भारतात आलं आणि बरीच वर्षं मुलांच्या वाहिन्यांवर परदेशीच मालिका होत्या. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओचा छोटा भीम २००८ मध्ये पोगोवर आला आणि देशी मालिका रोज चालू शकते हे दिसलं. २०१२ मध्ये निक वाहिनीवर मोटू पतलू आलं. पात्रं लोटपोट या मुलांच्या हिंदी नियतकालिकातली, मालिका मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओची. त्यानंतर प्रत्येक वाहिनीला देशी मालिका हवी झाली, आणि ती भरपूर भागांची हवी झाली. लहान मुलं तोच भाग पुन्हा पुन्हा आनंदाने बघतात, त्यामुळे वाहिनीला मोठा साठा परवडतो. दर भागामागचं बजेट मात्र त्या मानाने वाढलं नाही. पैसे आणि वेळ कमी पडले की पहिली कात्री लेखनाच्या आठवड्यांना लागते, आणि घाईत लिहिणारा माणूस जमलेल्या साच्याकडेच परत जातो.

पण भाग जास्त म्हणून दर्जा कमी, हे मी मान्य करत नाही. आपण दूरदर्शनवर पाहिलेलं डकटेल्स आठवा. १९८७ मध्ये त्याचा पहिला सीझन ६५ भागांचा होता, कारण आठवड्याला पाच या हिशेबाने तेरा आठवडे भरायचे होते. तिथे स्टोरी एडिटरांची पक्की फळी होती आणि अंकल स्क्रूज हा श्रीमंत म्हातारा बदक त्यांना नीट समजलेला होता. त्याला पैशाचा लोभ आहे आणि भाचरांवर जीव आहे. ही दोन टोकं एकमेकांवर आपटली की भाग तयार. पात्राला आतून काहीतरी हवं असेल तर बाहेरची आपटाआपटी आपोआप कमी होते.

आपल्याकडेही चांगलं काम होतंय. वैभव कुमारेश यांचा लॅम्पुट बघा. प्रयोगशाळेतून पळालेला नारिंगी गोळा, मागे लागलेले दोन डॉक्टर, आणि एक शब्दही संवाद नाही. सुरुवातीला ते अगदी काही सेकंदांचे तुकडे होते. मायटी लिटल भीम (२०१९) मध्येही संवाद नाहीत आणि ते जगभर पाहिलं गेलं. अशा मालिकांना लेखक लागत नाही असं समजू नका. तिथे पटकथा जास्त काटेकोर लागते, कारण चूक झाकायला वाक्यच नसतं. तुमच्या चार वर्षांच्या बाळाला लॅम्पुट दाखवून बघा आणि काय झालं ते इथे लिहा.

कलम_सतरा

मी वकील आहे, लेखकांचे करार बघते. लेखकाने निर्माता व्हावं का, याला पैशाची आणि हक्काचीही बाजू आहे.

तुम्ही स्टुडिओत पगारी नोकरीवर असाल आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक स्टुडिओ असतो. फ्रीलान्स असाल तर करारात काय सही करता यावर सगळं अवलंबून. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाला रॉयल्टीतला वाटा मिळण्याचा हक्क दिला, आणि तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. तरीही 'सर्व हक्क कायमचे, सर्व माध्यमांत, एकरकमी' असे करार सर्रास समोर येतात. अ‍ॅनिमेशनमध्ये तर पात्राचे दप्तर, टिफीन, टी-शर्ट निघतात. पात्र कुणाच्या कल्पनेतलं, हे कागदावर आधीच असायला हवं.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाने मालिकेचं आख्खं बायबल लिहिलं होतं: पात्रं, जग, नियम, नमुना गोष्टी. मेलवर पाठवलं, नोंदणी नाही, करार नाही. मालिका आली तेव्हा नामावलीत त्याचं नाव 'अतिरिक्त संवाद' म्हणून होतं. बरंच झगडून श्रेय बदललं, पैसे मिळाले नाहीत. बायबल पाठवण्याआधी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा, ऑनलाइन होतं. टप्प्याटप्प्याने मानधन लिहून घ्या: सहीला, आउटलाइनला, पहिल्या मसुद्याला, अंतिम मसुद्याला. श्रेय कसं आणि कुठे दिसेल, तेही.

अमेरिकेतही हे सहज मिळालेलं नाही. तिथले बरेच अ‍ॅनिमेशन लेखक रायटर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेच्या बाहेर, अ‍ॅनिमेशन गिल्डमध्ये येतात. सिम्पसन्ससारख्या फॉक्सच्या प्राइम टाइम मालिकांच्या लेखकांना रायटर्स गिल्डचं संरक्षण मिळालं ते १९९८ मध्ये, तेही लढून.

रेघोट्या

ताई, हा प्रतिसाद प्रत्येक नव्या लेखकाने जपून ठेवावा. माझ्या मते लेखकाने निर्मितीकडे जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. मालिकेचा आराखडा तुमचा, पण निर्णयाच्या खोलीत तुम्ही नाही, अशी स्थिती असेल तर तिसऱ्या सीझनपर्यंत तुमचं पात्र तुम्हालाच ओळखू येत नाही.

पार्ल्याचा_पक्या

आणि मराठीचं काय? गोष्टींची कमी नाही. फास्टर फेणे आहे, बोक्या सातबंडे आहे, पन्नास वर्षांपेक्षा जास्त काळ 'किशोर' निघतंय. मुंबईत एवढे स्टुडिओ, एवढे मराठी चित्रकार आणि दिग्दर्शक. २००५ च्या 'हनुमान'चे दिग्दर्शक व्ही. जी. सामंत, मोटू पतलूचे सुहास कदम की कडव...

रेघोट्या

सुहास कडव. बरोबर.

पक्या, हे मला फार लागतं. आमच्या टीममध्ये जेवणाच्या सुट्टीत मराठी चालते, पटकथा हिंदीत जाते. कारण हिशेबाचं आहे. एका भागाचा खर्च भाषेप्रमाणे कमी होत नाही. हिंदीत केला की तोच भाग डब करून तमिळ, तेलुगू, मराठीत जातो. फक्त मराठीत केला तर सगळा भार मराठी जाहिरातींवर. म्हणून मला वाटतं सुरुवात छोट्या लांबीपासून व्हावी: दोन-तीन मिनिटांचे टूडी भाग, कमी पात्रं, एकच चाळ किंवा एकच शाळा, आणि मूळ लेखन मराठीतच. डबिंग पुढे हिंदीत करायचं. उलटी दिशा. दोन निर्मात्यांशी बोलणं चालू आहे, ठरलं की इथे सांगेन.

मृण्मयी_ठाणे

लेकीने सगळा धागा वाचला आणि रात्री बसून एक प्रिमाइस लिहिलं. तिच्या परवानगीने देते:

"चाळीच्या गच्चीवरच्या टाकीत एक छोटा ढग अडकतो. मुलांना तो सापडतो. तो बाहेर आला की पाऊस पडणार, आणि आज चाळीची क्रिकेट फायनल आहे. मुलं टाकीचं झाकण धरून बसतात."

रेघोट्या

ताई, तिला आधी शाबासकी द्या. चार ओळींत अडचण उभी केली आहे आणि ती दोन्ही बाजूंनी आहे. जागाही एकच, गच्ची. निर्मितीच्या दृष्टीने फार शहाणपणाची निवड.

आता दुसऱ्या मसुद्यासाठी. ढगाला काय हवंय ते लिहायचं. तो घाबरलाय, की त्याला आईकडे जायचंय, की त्यालाही मॅच बघायची आहे? 'मुलं' म्हणून चालणार नाही. दोन किंवा तीन जण घ्यायचे, आणि त्यातल्या एकाला मॅच नकोच असू दे, त्याला फलंदाजी येत नाही म्हणून. मग झाकण धरणाऱ्या हातांमध्येच भांडण सुरू होईल. पाऊस दाखवणं महाग पडतं, म्हणून तो शेवटी एकदाच, एकाच शॉटमध्ये. तोपर्यंत टाकी हलते, झाकण उडतं, फटीतून एखादा थेंब येतो, एवढ्यावर काम चालवायचं. झाकण उडायचा शॉट तीन वेळा तोच वापरता येईल, फक्त दर वेळी बसणारा मुलगा वेगळा.

परीक्षा असेल तर ती आधी. नंतर आउटलाइन एक पानाची, वर्तमानकाळात, संवाद न घालता. मला संदेशातून पाठव म्हणावं. आणि कलम_सतरा ताईंनी सांगितलं तसं, त्याआधी नोंदवून घे.